नव्या गावाची शीव

९ ऑक्टोबर

तीर्थरूप आई,
साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोचले, हे तुम्हाला वन्संनी सांगितलंच असेल. पण फोनवरच्या बातमीवर तुमचा भरवसा नाही, म्हणून कागदावर लिहून देते: पोचले, जेवते, झोपते.

त्यातलं झोपेचं तेवढं खरं नाही. रात्री डोळा लागत नाही आणि दिवसा जागेपणीच झोपल्यासारखं वाटतं. सकाळी नदीवरून धुकं येतं, ते दुपारपर्यंत हलत नाही. घरं सगळी बुटकी, सगळ्यांची दारं एकसारखी. परवा कामावरून येऊन मी दाराला किल्ली लावत बसले होते, ती काही फिरेना. आतून एका म्हाताऱ्याने दार उघडलं. माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि समोरच्या घराकडे बोट दाखवलं. म्हणजे मी कुठे राहते ते त्याला माहीत होतं, मलाच नव्हतं.

माझी खोली वरच्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली आहे. पलंगावरून उठताना डोकं आपटतं. खाली घरमालकीण राहते. ती आयुष्यभर सुईण होती. तिच्याबरोबर भाजी आणायला गेलं की रस्त्यात भेटणाऱ्या बाप्यांकडे बघून हळूच सांगते, ‘हा पायाळू होता. हा रडेचना, चापट मारावी लागली.’ ते बिचारे टोपी काढून पुढे जातात.

काम मात्र फार सुंदर आहे. तुम्ही म्हणाला होता, एका पडद्यासाठी कोणी सातासमुद्रापार जातं का. आई, पडदा पाहिलात तर तुम्हीही याल. इथल्या जुन्या नाट्यगृहाचा आहे, निळा रेशमी. त्यावर पाणी विणलंय, आणि पाण्यावरून उडणारे पांढरे पक्षी. ओल लागून अर्धे पक्षी विरून गेलेत. संग्रहालयाच्या माडीवर लांबलचक टेबलं मांडलीत, त्यांवर आम्ही तो थोडा थोडा उलगडतो. चौघीजणी आहोत. मऊ कुंचल्याने धूळ काढायची, उथळ तसराळ्यात भिजवायचा, सुकवायचा, मग खाली जाळी धरून केसाएवढ्या सुईने टाके घालायचे. दिवसाकाठी तळहाताएवढं काम होतं. कोणी कोणाशी बोलत नाही. एखाद्या वेळी मान वर केली की वाटतं, आपण चौघी पाण्याखाली बसलोय.

एक सांगायचं होतं. तुमचा थोरला जाऊन तीन वर्षं झाली, पण तिकडे असताना तो माझ्या स्वप्नात यायचा. काही बोलायचा नाही, खुर्चीत बसून बूट घालत असायचा. इथे आल्यापासून एकदाही आला नाही. त्याला हे गाव माहीत नसेल.

वन्संना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
सूनबाई


२८ ऑक्टोबर

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पोस्टमन म्हणाला, “आजी, अजून कोणी पत्र लिहितं होय?” मी म्हटलं, “लिहितं, म्हणून तर तुझी नोकरी आहे.”

फोनवर भरवसा नाही असं नाही, बाई. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, कानाला पट्टा लावून. या गावची रडणी त्या गावाला जोडून दिली, त्या गावची भांडणं या गावाला. आता कानाला काही लावावंसं वाटत नाही. शिवाय फोन ठेवला की बोलणं गेलं. पत्र दुपारी पुन्हा काढून वाचता येतं.

धाकटीचं एकच पालुपद चालू आहे. “आई, माझ्याकडे राहायला चल. वहिनी काही आता परत यायची नाही.” मी म्हटलं, “वर्षाचं काम आहे, वर्षाने येईल.” तर म्हणते, “बघू.” तिचं ‘बघू’ तुला माहीत आहे. त्यात सगळं आधीच बघून झालेलं असतं.

तुला गाव लागत नाही, त्यावर औषध सांगते. थोरल्याची नव्या ठिकाणी बदली झाली की पहिल्या सुट्टीला तो काय करायचा, आठवतं का? तुमच्या लग्नाआधीपासूनची खोड ती. डबा घ्यायचा आणि गावाच्या कडेकडेने चालत सुटायचा. सर्व्हेचं काम म्हणून नाही. ते साहेबाच्या हुकमाने व्हायचं. हे आपलं स्वतःसाठी. मी एकदा म्हटलं, अरे, वेड्यासारखा शिवेवरून काय हिंडतोस? तर म्हणाला, “आई, मधूनच शिरलं की गाव अंगावर येतं. कडेने एक फेरी मारून ये, मग ते आपणहून तुझ्याकडे तोंड करतं.”

तू तेच कर. अंगात गरम कपडे घाल, आणि जेवण बांधून घे.

गुडघा बरा आहे. तेल संपलंय, पण ते धाकटीला सांगू नकोस. सांगितलं तर गुडघ्यासकट मला घेऊन जाईल.

तुझी,
आई


२० नोव्हेंबर

तीर्थरूप आई,
साष्टांग नमस्कार.

तुमचं औषध घेतलं.

रविवारी पाव-अंडी बांधून घेतली आणि सुईणबाईंना म्हटलं, गावाची शीव बघून येते. तिला आधी कळेचना, मग हसली आणि स्वतःचे जाड बूट काढून दिले. दोन बोटं मोठे होत होते. त्यांत मोजे कोंबून निघाले.

शाळेच्या मैदानामागून सुरुवात केली. मग कोबीची शेतं. धुक्यात कोबीचे गड्डे कोणीतरी पाठमोरं बसावं तसे दिसत होते. मग विटांची बंद पडलेली भट्टी, मग एका घराची मागची बाजू, तिथे एक बाई दोरीवरचे कपडे चाचपून बघत होती, वाळलेत की नाही. तिने मला हात केला. मीही केला. इतक्या दिवसांत मला कोणी हात केला नव्हता, कारण मी सारखी पुढच्या दारांवरून जात होते.

पुढे नदी आली आणि शीव अडली. तिथे पूल आहे, मधोमध दुभंगून वर उचलला जाणारा. मी पोचले आणि घंटा वाजली, दांडा खाली आला आणि रस्ताच माझ्यासमोर उभा राहिला. खरंच उभा, आभाळात. वाळूने भरलेला एक पडाव इतक्या सावकाश येत होता की तो हलतोय हे त्याच्याकडे न बघताच कळत होतं. मी गारठून गेले होते. पुलाच्या कडेला काचेची एक खोली आहे, उंचावर. तिथून एकाने खिडकी उघडून हाक मारली, “वाळूची बोट आहे, वेळ लागेल. वर या, चहा आहे.”

माझं इथल्या भाषेतलं बोलणं अजून चौथीच्या पुस्तकासारखं आहे. बाकीचं अंदाजाने घेतलं, पण ‘चहा’ नक्की कळला. वर गेले. तो पूलवाला आहे. दोन मोठे दांडे, काही दिवे, एक शेगडी आणि एक खुर्ची, एवढीच त्याची कचेरी. खुर्ची त्याने मला दिली. चहात साखर नव्हती.

आई, त्या काचेतून सगळं गाव दिसलं. धुकं वरून बसलं होतं आणि त्यातून नुसती छपरं वर आली होती. मी माझं छप्पर शोधायला लागले. सुईणबाईंचा लाल पलंगपोस माझ्या खिडकीबाहेर वाळत होता, त्यावरून सापडलं. मी नकळत मराठीत म्हणाले, “ते बघा माझं घर.” त्याला शब्द कळले नाहीत, पण त्याने बरोबर तिकडे पाहिलं.

पूल खाली आला, मी उरलेली फेरी पूर्ण केली. त्या रात्री झोप लागली.

तुमची,
सूनबाई

ता. क. तेल आणा. मी वन्संना काही बोलणार नाही.


१२ डिसेंबर

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

चहात साखर नव्हती हे लिहिलंस. पूलवाल्याचं वय लिहिलं नाहीस. आम्हा ऑपरेटर बायकांना काय सांगितलं यापेक्षा काय गाळलं ते आधी ऐकू येतं.

परवा थोरला माझ्या स्वप्नात आला होता. मी एक्स्चेंजच्या जुन्या बोर्डासमोर बसलेली, आणि बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागलेले. इतके दिवे की जोडायला दोर पुरेनात. हा माझ्यामागे उभा, लहानपणीच्या चड्डीत, पण मिशा मोठेपणीच्या. मी म्हटलं, “कोणाचा फोन आहे रे एवढा?” तर म्हणाला, “कोणाचाच नाही, आई. नुसतं चांदणं आहे.” जागी झाले तेव्हा उशी ओली होती, पण मन हलकं होतं.

तुला सांगितलं, कारण तुझ्याकडे तो येत नाही म्हणालीस. माझ्याकडे येतो. काही निरोप असला तर सांगत जा.

तेल आणलं.

तुझी,
आई


१५ जानेवारी

तीर्थरूप आई,
साष्टांग नमस्कार.

तुमचं स्वप्न मी जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी बसून वाचलं. शेजारी मोजे विणत बसलेली आमची सोबतीण विचारायला लागली, वाईट बातमी का? मी म्हटलं, नाही, चांदणं.

वयाचं म्हणाल तर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. टक्कल आहे. कान मोठे आहेत, थंडीत लाल होतात. पूर्वी बोटींवर होता, एकटा आहे. झालं समाधान?

नदी आता कडेने गोठली आहे, बोटी कमी येतात. कामावरून परतताना मी कधी कधी वर जाते. तो मला त्यांची भाषा शिकवतो आणि मी त्याच्या हातमोज्यांना रफू करते, म्हणजे फुकटची शिकवणी नको. परवा त्याने विचारलं, “घरी कोण असतं?”

“सासू.”

“म्हणजे नवऱ्याची आई.”

“हो.”

“आणि नवरा?”

“गेला. तीन वर्षं झाली.”

त्याने माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाला, “मग त्या आता तुमच्या कोण?”

मी म्हटलं, “सासूच.”

आई, यांच्या भाषेत सासूला नीट शब्दच नाही. ‘नवऱ्याची-आई’ असा जोडून म्हणतात. त्यातला नवरा काढला तर शब्द मोडतो. मी त्याला म्हटलं, आमचा शब्द तसा नाही, तो एकटा उभा राहतो. तर म्हणाला, “मग तुमचाच शिकवा.” तेवढ्यात खालून भोंगा वाजला. पूल वर उचलताना तो दांडा ओढत म्हणत होता, “सा… सू…”

तुम्ही तिथे काचेत बसल्यासारख्या वाटलात.

तुमची,
सूनबाई


६ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

त्याला म्हणावं, दोन्ही अक्षरं दीर्घ आहेत आणि ठसक्यात म्हणायची. पूल उचलायला सासूचं नाव घेणारा मी पहिलाच ऐकला. घर उचलून धरायला घेतात, ते ठाऊक आहे.

तुझं पत्र धाकटीला वाचून दाखवलं. ती हसली नाही. तिला दादाची सय फार येते, ते ती रागाने दाखवते. तू मनावर घेऊ नकोस.

मी ठणठणीत आहे. लिहीत जा.

तुझी,
आई


१० मार्च

तीर्थरूप आई,
साष्टांग नमस्कार.

बर्फ वितळायला लागलं आहे. पडद्याचं अर्ध्याहून जास्त काम झालं. पाणी सगळं साधलं, आता पक्ष्यांवर आहोत. आमच्या कामाच्या मुख्य बाईंनी एक पक्षी संपूर्ण माझ्याकडे दिला आहे. त्याचा एकच पंख उरलाय, दुसरा कसा असेल ते उरलेल्या धाग्यांच्या वळणावरून ओळखायचं. डोळे दुखतात, पण सुटत नाही.

सुईणबाई बऱ्या आहेत. हवा बरी आहे. मी बरी आहे.

तुम्हीही बऱ्या असाल.

तुमची,
सूनबाई


६ एप्रिल

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी बरी आहे. पुलाचं काही लिहिलं नाहीस. बंद आहे का.

आई


२७ एप्रिल

तीर्थरूप आई,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र म्हणजे अडीच ओळी. अक्षर इतकं वाकडं की आधी वाटलं, दुसऱ्याच कोणी लिहिलंय. मग वाटलं, राग आला की माणूस पेन असंच दाबून धरतं. तुम्हाला कळलेलं दिसतं. गाळलेलं तुम्हाला आधी ऐकू येतं.

पूल बंद नाही. मीच लिहायचं बंद केलं.

फेब्रुवारीच्या शेवटी नदी फुगली होती. बर्फाचे मोठाले तुकडे पुलाच्या खांबांवर येऊन आदळत होते, म्हणून पूल वर उचलून ठेवला आणि दोन्हीकडची वाहतूक थांबवली. मी पलीकडे अडकले. तो खाली आला आणि मला वरच्या बंधाऱ्यावरून लांबच्या वाटेने घरी सोडायला निघाला. बंधाऱ्यावर माणूसभर रुंद वाट. तो पुढे, मी मागे. सगळीकडे पांढरं, खाली पाण्याचा आवाज. मग तो न वळता म्हणाला, “तुमचं वर्ष संपलं की तुम्ही जाणार. जाऊ नका असं म्हणायचा मला काही हक्क नाही. पण म्हणून बघतो. जाऊ नका.”

मी त्याच्या पावलांत पाऊल टाकत चालत राहिले. दारापाशी त्याने टोपी काढली आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीसारखा चहा. त्याने पुन्हा विचारलेलं नाही. तो थांबलाय, आणि त्याचं थांबणं मला ऐकू येतं.

त्यातच मुख्य बाईंनी विचारलं, हा पडदा झाला की संग्रहालयात कायमची राहतेस का? त्यांनाही उत्तर दिलं नाही.

मला हे दोन्ही हवं आहे, आई. हवं आहे असं लिहिताना हात थांबतो. पण तुम्हाला खोटं लिहून ते तुमच्यापर्यंत खोटंच पोचेल, असं कधी झालेलं नाही.

रागावलात तर रागावा. पण अडीच ओळींत नको.

तुमची,
सूनबाई


१५ मे

वहिनी,

तुझं पत्र आईला मीच वाचून दाखवलं. तिने तुला कळवू नको अशी शपथ घातली होती, पण आता मला ती पाळवत नाही.

आई फेब्रुवारीत न्हाणीघरात घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. महिनाभर प्लास्टरमध्ये होतं, नंतरही बोटं वळत नव्हती. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे, घराला कुलूप आहे. तिने तुला पाठवलेलं ते पत्र डाव्या हाताने लिहिलं, आख्खी दुपार खर्च करून. अक्षर रागाने वाकडं नव्हतं, वहिनी.

“तिला कळलं तर येईल धावत,” असं म्हणाली. मी म्हटलं, “मग येऊ दे की.” तर माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

तुझ्या पत्राचं म्हणशील तर मला राग आला. लपवत नाही. दादाची शर्टं अजून माझ्या कपाटात आहेत आणि तू बंधाऱ्यावरून चाललीस. मी आईला विचारलं, “मग ती आता आपली कोण?” आईने पत्र माझ्या हातून काढून घेतलं, उशीखाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी जेवली नाही.

काय करायचं ते तू ठरव. मला विचारशील तर, तू यावंस.

धाकटी


३० मे

तीर्थरूप आई,
साष्टांग नमस्कार.

वन्संचं पत्र मिळालं. त्यांना रागावू नका, त्यांनी बरं केलं.

तुमचा हात मोडलेला आणि मी इथे अक्षरातून राग वाचत बसले होते.

मी येते. मुख्य बाईंना नाही म्हणून सांगितलं. पडद्याचं उरलेलं काम बाकीच्या तिघी पुरं करतील. पूलवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “बरोबर आहे. आईचा हात आहे.” मग वळून काच पुसत राहिला, ती स्वच्छच होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट आहे. आपलं घर उघडू. तुम्ही काही करायचं नाही, नुसतं बसायचं.

तुमची,
सूनबाई


१६ जून

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

हे उजव्या हाताने लिहिते आहे. डॉक्टर म्हणाले, बोटांना व्यायाम हवा. त्यांनी रबरी चेंडू दिला होता. मी म्हटलं, चेंडू दाबण्यापेक्षा सुनेला चार शब्द सुनावते. तर ऐक.

तिकीट रद्द कर.

धाकटीने लिहिलं ते खरं आहे, मी भिंतीकडे तोंड केलं. रागाने नाही. मला भीती वाटली. तू माझ्याकडे आलीस ती थोरल्याच्या हाताला धरून. तो हात सुटला, तरी तू राहिलीस. सकाळी माझ्याआधी उठून पाणी तापवलंस, माझ्या शेजारी बसून गप्प राहिलीस. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं, सगळं तुझं. आता तू दुसऱ्या घरची झालीस तर मी कोणत्या तोंडाने वर ‘चि. सूनबाईस’ लिहायचं, हा प्रश्न मला पडला. धाकटीने तो मोठ्याने विचारला, एवढंच.

दोन दिवस भिंतीकडे बघून माणसाला बरंच दिसतं. मला तू दिसलीस. इथे येऊन तू मला पाणी देशील, केस विंचरून देशील, आणि मग खिडकीपाशी जाऊन उभी राहशील. तोंडाने चकार शब्द काढणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. आणि मी पलंगावरून तुझी पाठ बघत राहीन. एवढ्यासाठी मी हात मोडून घेतलेला नाही.

आमच्या बोर्डावर एक नेम होता. दोघांचं बोलणं संपलं की दोर काढून ठेवायचा. विसरलीस तर ती लाइन अडून बसते. दुसरं कोणी कितीही फिरवलं तरी लागत नाही. थोरल्याशी तुझं बोलणं फार गोड झालं. मी शेजारी बसून ऐकलंय. पण ते संपलं, बाई. माझंही संपलं. तो माझ्या स्वप्नात येतो तो आता निरोप घ्यायला येत नाही, सहज येतो.

पूलवाल्याला हो म्हण की नाही म्हण, त्यात मी पडणार नाही. पण माझ्या मनगटाच्या आडून नाही म्हणायचं नाही. असला खोटेपणा माझ्या घरात चालायचा नाही, मग घर कुलपात का असेना. मुख्य बाईंकडेही जा आणि सांग, सासू बरी आहे, जरा जास्तच बरी आहे.

तुला मला बघायचंच असेल तर मीच येते. आयुष्यभर लोकांना परदेशी जोडून दिलं, स्वतः कधी गेले नाही. पासपोर्टचा फोटो काढला. त्यात मी पळून चाललेली दिसते. धाकटी म्हणते, तुला वेड लागलंय. पण काल तिनेच जाड मोजे आणून दिले. तिचं ते तसंच असतं, तोंडाने तोडते आणि हाताने बांधून देते.

ऑगस्टमध्ये धुकं असतं का? जाणार असलं तर थांबवून ठेव थोडं. मला पाहायचंय.

तुझी,
आई


१२ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी इथे येऊन तीन आठवडे झाले आणि मला अजून खात्री नाही की मी विमानातून उतरले आहे. सकाळी जाग येते तेव्हा खिडकीबाहेर काहीच नसतं. नुसतं पांढरं. मग त्यातून हळूच एक धुराडं येतं, मग एक झाड, मग सायकलवरची एक बाई. जणू कोणीतरी आठवून आठवून गाव मांडतंय. मी पांघरूण घेऊन बसून राहते आणि ते पुरं होईपर्यंत वाट बघते.

सुईणबाई आणि मी दुपारी ओट्यावर बसतो. ती तिच्या भाषेत बोलते, मी माझ्या. काल ती बराच वेळ काहीतरी सांगत होती आणि शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला आपल्या थोरल्याचं सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला, तोच, मोडलेला, आणि सवयीने नाडी बघितली.

पडदा लागला. मी नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसून पाहिला. तो वर गेला तेव्हा मला नाटक काही कळलं नाही. मी वाट बघत होते तो पुन्हा खाली यायची.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. काल लग्नाच्या नोंदणी कचेरीत गेलो होतो. पूलवाला, आपली ही आणि मी. त्याने कोट घातला होता, बाह्या आखूड. माणूस मुखदुर्बळ आहे, पण माझ्यासाठी आधीपासून दार धरून उभा राहतो आणि मग मी आत गेल्याचं विसरून तसाच उभा राहतो. मला आवडला. तुझा दादा भारी बोलका होता. हा त्याच्यासारखा नाही, हे मला फार बरं वाटलं.

कचेरीतल्या बाईने साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं आणि काहीतरी विचारलं. मी म्हटलं, “काय म्हणते?” तर ही खाली बघून म्हणाली, “तुमचं माझं नातं काय लिहू विचारतेय. सासू लिहायला गेलं तर त्यांच्यात त्याचा अर्थ याची आई असा होईल.” तो आपला एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतोय, कान लाल.

मी म्हटलं, “त्यात एवढं काय? मी मुलीकडची आहे. आई लिही.”

हिने ते त्या बाईला सांगितलं. पहिल्यांदा बाईला ऐकूच गेलं नाही, म्हणून दोनदा सांगावं लागलं. बाईने लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. बाहेर आल्यावर ही पायरीवर बसली आणि रडली, चांगली पोटभर. मी रडू दिलं. तो जाऊन पाणी घेऊन आला आणि कोणाला द्यायचं ते न कळून स्वतःच प्यायला.

तू मला विचारलं होतंस, ती आता आपली कोण. मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. तुझा थोरला गेला, त्याला माझ्याकडे उपाय नाही. पण इथे तुला एक थोरली आहे. मान किंवा मानू नकोस. शर्टं कपाटात राहू देत, त्यांच्यामुळे कोणाचं काही अडत नाही.

मी थंडी पडायच्या आत परत येईन आणि आपल्या घरी राहीन, तुझ्याकडे नाही. कुलूप काढून दोन दिवस खिडक्या उघड्या ठेव. ही पुढच्या वर्षी माहेरपणाला यायची म्हणते, त्यालाही घेऊन. त्याला जमिनीवर बसायची सवय नाही, एक बरी खुर्ची बघून ठेव.

खाली दार वाजलं. मुलगी कामावरून आली वाटतं. चहा टाकते. बाकी भेटीत.

तुझी,
आई